बाहेर आहे

अठ्ठावीस वर्षं गावानं पितांबर नानांना फक्त छातीपासून वर पाहिलं होतं. जुन्या नगरपालिकेच्या मागच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय, त्याला रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीला गज, गजांखाली वीतभर फट, आणि फटीपलीकडे नाना. एकदा कुणाच्या तरी लग्नात नाना पंगत वाढायला उभे राहिले, तेव्हा एका म्हाताऱ्या आडत्यानं शेजाऱ्याला विचारलं होतं, "हाऊ मानूस कोन शे? पाहेल वाटस, पन ध्यानमा येत नही." शेजारी म्हणाला, "पितांबर वाणी ना हो, पुस्तकवाला." म्हातारा बराच वेळ नानांच्या पायांकडे बघत राहिला. नानांना पाय असतील हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अशा माणसाची खिडकीच काढून घेतल्यावर तो कासावीस होणारच, असं गावानं धरून टाकलं होतं. साल ब्याण्णव. स्टँडच्या रस्त्याला वाचनालयाची नवी दुमजली इमारत उभी राहिली होती. खाली वर्तमानपत्रांचं दालन, बायकांसाठी वेगळी खोली, लहान मुलांसाठी रंगीत बाकं, वर स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी अभ्यासिका, नरडाण्याच्या कारखान्यातून ट्रकनं आलेली लोखंडी मांडणी. आणि सगळ्यात मोठं अप्रूप म्हणजे 'मुक्तद्वार'. खिडकी नाही, गज नाही. वाचकानं सरळ आत यायचं, मांडणीपाशी जायचं आणि हवं ते पुस्तक आपल्या हातानं काढून घ्यायचं. पाडव्याला उद्घाटन होतं, आणि त्याच दिवशी, निवृत्तीला तीन महिने उरलेल्या नानांचा सत्कार.

या मुक्तद्वारानं आधीच गोंधळ घातला होता. भटू मिस्त्रीनं निमंत्रणपत्रिकेत तो शब्द वाचला आणि मुख्य दाराला नुसती चौकट बसवून तो दुसऱ्या कामावर निघून गेला. अध्यक्ष चंपालालशेठ तापले, माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. भटू शांतपणे म्हणाला, "द्वार मुक्त शे ना शेठ, मंग दार कसाले बसाडू?" गावात आठ दिवस हा विनोद पुरला. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, जो तो तोच सांगत होता.

नाना मात्र हसले नाहीत. ते दिवसातून चार वेळा जुन्या खोलीतून नव्या इमारतीत जायचे, नुसत्या चौकटीतून आत डोकावायचे, रिकाम्या मांडणीवरून हात फिरवायचे आणि परत फिरायचे. चहा अर्धाच ठेवायचे. वाचनालयाचा शिपाई झिपरू, हाही पन्नाशीचा गडी, लोकांना सांगायचा, "नानाले खिडकी सुटत नही." लोक माना डोलवायचे. इतक्या वर्षांची सवय, व्हायचंच, म्हणायचे.

खिडकीची नानांना काडीची फिकीर नव्हती. त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो एका पुस्तकाचा.

तो घोर समजायला नानांचे दोन शब्द आधी समजले पाहिजेत. 'बाहेर आहे.' वाचनालयाच्या भाषेत त्याचा अर्थ साधा: पुस्तक दुसऱ्या कुणी वाचायला नेलंय, परत आलं की मिळेल. पण नानांनी या दोन शब्दांचं औषध करून टाकलं होतं. दहावीच्या पोरानं भलतीच कादंबरी मागितली, बाहेर आहे. पानांवर तेलाचे डाग पाडणाऱ्या वकिलांनी नवं कोरं पुस्तक मागितलं, बाहेर आहे. कुणाला दुखवायचं नाही, कुणाशी वाद घालायचा नाही. खिडकीवर नानांनी कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं ते काही उगाच नाही.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सुपडू हमाल खिडकीपाशी आला. मार्केट यार्डात पोती वाहणारा, रेल्वेफाटकापलीकडच्या बौद्धवाड्यात राहणारा सुपडू. अंगावरचा कापसाचा तूस झटकून, डोक्याचं फडकं काढून तो फटीपाशी वाकला. "नाना, मनी पोर अकरावीले शे, सायन्सले. बठ्ठं इंग्रजीमा शे म्हने. तिले तो शब्दासना कोश पाहिजे व्हता."

इंग्रजी-मराठी कोश. तो नानांच्या पाठीमागे, काचेच्या कपाटात, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर होता. नियम असा होता की कोश घरी न्यायला द्यायचा नाही. ज्याला पाहायचा त्यानं आत येऊन लांब टेबलाशी बसून पाहावा. म्हणजे नानांनी म्हणायला हवं होतं, "पोरीला पाठवून दे, इथं बसून बघेल." वाक्य एवढंसंच होतं. पण त्या लांब टेबलाशी रोज निवृत्त मामलेदार बसायचे, दोन वकील बसायचे, त्या वेळच्या अध्यक्षांचे भाऊ बसायचे. त्यांच्यामध्ये सुपडूची पोर खाली मान घालून बसलीय आणि पेपराच्या वरून चार चष्मे तिच्याकडे बघतायत, हे नानांना तिथल्या तिथं दिसलं. मग उद्या कुणीतरी हळूच म्हणणार, पितांबर, जरा बघत जा. नानांना ती कटकट नको होती.

"कोश बाहेर आहे, सुपडूभाऊ," ते म्हणाले.

"काही हरकत नही नाना. पुढला आयतवारे येसू."

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळते, नंतर ती आपली आपण चालायला लागते. नाना "अजून आला नाही हो" म्हणायचे आणि सुपडू रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून फाटक्या बांधणीचं एखादं गोष्टीचं पुस्तक फटीतून सरकवायचे, "हे घेऊन जा तोवर." सुपडू ते दोन्ही हातांनी घ्यायचा. दोन वर्षं असं चाललं. एक्याऐंशीत पोर बारावी झाली, मार्क बेताचे पडले, डॉक्टर व्हायचं म्हणत होती ती धुळ्याला डी.एड.ला गेली. सुपडूनं कोश मागायचं सोडलं. आणि नाना, खरं सांगायचं तर, विसरून गेले.

विसरलेलं सगळं गेल्या महिन्याच्या बैठकीत उभं राहिलं. कार्यकारिणीत एक बाई हवी आणि एक मागासवर्गीय सभासद हवा, असं चंपालालशेठना कुणीतरी सांगितलं होतं. शेठ व्यापारी माणूस, त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. जूनमध्ये कन्याशाळेत बदलून आलेल्या एका शिक्षिकेचं नाव त्यांनी पुढे केलं. "हुशार बाई आहेत. अक्षर तर मोत्यासारखं. नवीन इमारतीत पुस्तकं लावायच्या आधी प्रत्येक पुस्तक वहीशी ताडून बघायचं आहे ना, नाना? तुमच्या मदतीला या बाई राहतील." बाईंनी उठून नमस्कार केला. नर्मदा सुपडू सोनवणे.

नानांनी हात जोडले ते जोडलेलेच राहिले.

तेव्हापासून त्यांना बसवेना. पुस्तकं एकेक करून बाईंच्या हाताखालून जाणार. कोशही जाणार. आणि कोशाच्या पहिल्याच पानावर जांभळ्या शाईचा शिक्का होता: 'संदर्भ ग्रंथ. बाहेर देऊ नये.' खाली नानांची सही, तारीख बारा ऑगस्ट एकोणीसशे बहात्तर. म्हणजे जे पुस्तक बहात्तर सालापासून एक दिवसही बाहेर गेलं नाही आणि जाऊ शकत नव्हतं, ते दोन वर्षं बाहेर आहे असं नानांनी सांगितलं होतं. जगात कुणालाही त्या शिक्क्यात काही दिसलं नसतं. एकट्या नर्मदाबाईंना दिसलं असतं. शिवाय चंपालालशेठनी फर्मान काढलं होतं की जाडजूड पुस्तकं अगदी दारासमोर लावा, पाहुण्यांना आल्या आल्या दिसली पाहिजेत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. नानांनी आधी शिक्क्यावर कोरा कागद चिकटवून पाहिला. तो इतका ठळक दिसायला लागला की त्यांनी घाबरून ओला करून काढला. मग दुपारी झिपरू जेवायला गेलेला पाहून त्यांनी कोश कपाटातून काढला, पिशवीत घातला आणि घरी नेला.

अठ्ठावीस वर्षांत वाचनालयाचं एक मासिकसुद्धा न आणलेला हा माणूस. पुस्तक कुठं ठेवावं तेही त्यांना कळेना. त्यांनी ते दादर ज्वारी भरून ठेवलेल्या कोठीत खुपसलं. दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंनी दळणासाठी धान्य काढायला हात घातला आणि त्यांच्या हाताला पुठ्ठा लागला.

"हाई काय शे?" पुस्तकावरची दादर झटकत त्यांनी विचारलं. "अठ्ठावीस वरीसमा घर येक पान आनं नही तुम्ही. कोनापासून दपाडी राह्यनात?"

नानांना बायकोशी खोटं बोलता येत नसे. ती कला त्यांनी सगळी खिडकीवर खर्च केली होती. त्यांनी सगळं सांगितलं. पार्वताबाई ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "कोनी सांगेल व्हतं तुमले असं कराले?"

नाना आठवायला लागले. अध्यक्षांनी? नाही. मामलेदारांनी? त्यांनी तर कधी तोंडही उघडलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं असेल, निदान सुचवलं असेल, म्हणून नानांनी अठ्ठावीस वर्षं धुंडाळली. कुणीच सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्याच मनानं केलं होतं, आणि हे कळल्यावर त्यांना घरात थांबवेना.

"मंग सांगी टाका तिले. पोटमा ठेईसन काय व्हनार शे?" पार्वताबाई म्हणाल्या. पण नाना चपला घालून बाहेर पडले होते.

सांगणं कुठलं! सत्कार आठ दिवसांवर आला होता. मानपत्र जळगावला छापायला गेलं होतं. त्यात 'निःस्पृह' आणि 'वाचकांचा सखा' असे शब्द होते. मजकूर तपासायला नानांकडेच आला होता आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी स्वतःच्या हातानं नीट केले होते.

पडताळणी सुरू झाली. रोज शाळा सुटल्यावर नर्मदाबाई यायच्या, दाखल नोंदवही उघडून क्रमांक वाचायच्या. नाना पुस्तक काढून दाखवायचे, झिपरू ते खोक्यात भरायचा. बाई फारसं बोलत नसत. क्रमांक वाचायच्या, बरोबरची खूण करायच्या. पहिल्या दिवशी आठशे पुस्तकं झाली, दुसऱ्या दिवशी आणखी सातशे. नानांना कोशाचा क्रमांक पाठ होता, तेवीसशे सोळा. आकडा जसजसा जवळ येत होता तसतसं त्यांचं लक्ष उडत होतं. मागितलं एक आणि काढलं भलतंच, असं तीनदा झालं. बाई म्हणाल्या, "नाना, दमलात का? उद्या करू." ते घाईनं म्हणाले, "नाही नाही, होऊन जाऊ दे एकदाचं."

"तेवीसशे चौदा."

"हे घ्या."

"तेवीसशे पंधरा."

"हे."

"तेवीसशे सोळा. इंग्रजी-मराठी कोश."

नानांनी तयारी करून ठेवली होती. म्हणायचं, वाळवी लागली होती, बाद केला. म्हणायचं, बांधणीला जळगावला गेलाय. चार दिवस घोकलं होतं. पण कपाटाकडे पाठ, समोर सुपडूच्या घरातलं माणूस, आणि कोश मागितलेला. जिभेनं आपली जुनी वाट धरली.

"बाहेर आहे," नाना म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग ते नानांना ऐकू आले. बाईंनी मान वर केली नाही. पेन्सिल वहीवर तशीच टेकवून त्या म्हणाल्या, "अजून?"

झिपरू खोक्याला सुतळी बांधत होता. त्याला काही कळलं नाही. नानांच्या कानात मात्र जातं फिरायला लागलं. म्हणजे हिला माहीत आहे. किती दिवसांपासून? सगळंच?

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'बाहेर' असं लिहिलं. मग विचारलं, "वाचकाचं नाव काय घालू? बाहेर असलेल्या पुस्तकापुढे नाव लागतं ना."

नाना कपाटाचं दार लावायला लागले.

"राहू द्या. आठवलं की सांगा," त्या म्हणाल्या आणि पुढचा क्रमांक वाचला.

रागावली असती, रडली असती, अध्यक्षांकडे गेली असती तरी नानांनी सोसलं असतं. त्या रिकाम्या रकान्यानं त्यांना खाऊन टाकलं. ते घरी गेले ते अंगणातच फिरत राहिले. जेवले नाहीत. सकाळी पार्वताबाईंनी न सांगताच कोठीतून कोश काढून, पुसून, पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

रविवार होता, म्हणून बाई सकाळीच नव्या इमारतीत आल्या होत्या. दाराशी भटू मिस्त्री रंधा मारत होता, शेवटी एकदाचं दार तयार होत होतं. आत नवा रंग आणि सागाचा भुसा यांचा वास भरला होता. बाई लोखंडी मांडणीवर विषयांच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. नानांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"बाई, ते नाव लिहून घ्या," ते म्हणाले. "पितांबर वाणी."

नर्मदाबाईंनी पिशवीतून कोश काढला. पहिलं पान उघडलं, शिक्का वाचला, तारीख वाचली. आश्चर्य काही वाटलेलं दिसलं नाही. "मला अकरा वर्षं माहीत आहे, नाना," त्या म्हणाल्या. "धुळ्याला डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयात गेले आणि म्हटलं, कोश बाहेर असेल तर माझं नाव लावून ठेवा. तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, अगं, कोश कधी बाहेर जातो का? बस इथं आणि बघ. मी बसले. पण एक शब्द बघता आला नाही त्या दिवशी. डोळ्यांना पाणी येत होतं."

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच. तू आत येऊन बसशील, आणि ते लोक... मला कटकट नको होती, बाई. नुसती कटकट नको म्हणून."

"मी वहीत शब्द लिहून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "कोश आला की एकदम बघायचे म्हणून. दोन वह्या भरल्या होत्या. बारावीला त्यातलेच शब्द पेपरात आले." त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातली चिठ्ठी चुरगळली गेली. "मला राग येतो नाना, अजून येतो. पडताळणीला हो म्हटलं ते त्यासाठीच. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं."

"मी पाडव्याला सगळ्यांसमोर सांगतो," नाना म्हणाले. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलताच ठरलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. "सत्कार नको मला. सुपडूभाऊंचे पाय धरतो आणि सांगतो."

"नाही," बाई म्हणाल्या.

नानांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"बाबांना सांगायचं नाही. माझ्यापाशी कबूल केलंत, पुरे. त्यांना माहीत नाही आणि कळायलाही नको." त्या नानांसमोरच्या बाकावर बसल्या. "त्यांना जन्मभर लोकांनी 'ए' म्हणून हाक मारली. एका माणसानं 'सुपडूभाऊ' म्हटलं. दर रविवारी फडकं धुऊन डोक्याला बांधून ते तुमच्याकडे यायचे. घरी येऊन आईला सांगायचे, नानांनी आज असं विचारलं, नानांनी आज हे पुस्तक दिलं. या वाचनालयानं माझ्या बापाला एवढी एकच गोष्ट दिली. ती त्यांच्याकडून काढून घ्यायची नाही, तुमच्या जिवाला हलकं वाटावं म्हणून तर मुळीच नाही."

"मग मी काय करू?"

"सत्कार घ्या," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी कोश उचलला आणि दारासमोरच्या मांडणीत, मधोमध, उभा करून ठेवला.

पाडव्याला मांडव भरला होता. दाराला तोरण, दारावर भटूनं मारलेलं चकचकीत पॉलिश. चंपालालशेठचं भाषण झालं, पाहुण्यांचं झालं, मानपत्र वाचून झालं. खुर्चीवर बसलेले नाना फेट्याखाली घामानं निथळत होते. लोकांना वाटत होतं उन्हाचा त्रास होतोय. मग शेठनी आपल्या मते फार सुंदर कल्पना जाहीर केली: नानांना शाल कुणी मोठ्या माणसानं घालायची नाही, एका साध्या वाचकाच्या हस्ते घालायची. "आमच्या नर्मदाबाईंचे वडील, श्री. सुपडूभाऊ सोनवणे!"

नानांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्यांनी मान हलवली नाही की डोळे चुकवले नाहीत.

सुपडू हळूहळू पायऱ्या चढून वर आला. पाठ पोत्यांनी कायमची वाकलेली, धोतर पांढरंशुभ्र. त्यानं शाल घातली, नारळ दिला. शेठनी माईक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणाले. सुपडू आधी नको नको म्हणाला, मग बोलला.

"माले भाषन येत नही. मी हमाल मानूस. बठ्ठासले येकच सांगस. दोन वरीस मी नानानी खिडकीवर गऊ. नानानी माले कधी 'नही' म्हनं नही. कधी रिकामा हाते धाडं नही. असा मानूस व्हवाले नही पुन्हा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना खाली मान घालून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. त्यांना बोलायला सांगितलं तर त्यांनी फक्त हात जोडले. शेठ म्हणाले, बघा, शब्द सुचत नाहीत. नानांना शब्द सुचत होते. ते सगळे ओठांपर्यंत येऊन उभे होते, आणि पुढच्या रांगेत नर्मदाबाई बसल्या होत्या.

फीत कापली गेली, गर्दी आत शिरली. पोरंसोरं मांडणीतून पुस्तकं ओढायला लागली, झिपरू ओरडायला लागला. सुपडू नानांचा हात सोडायला तयार नव्हता. दारातून आत आल्या आल्या थांबून तो मांडणीकडे बघत राहिला, मग नानांच्या कानाशी वाकला. "नाना, मनी पोरले पाहिजे व्हतं ते पुस्तक परत उनं का हो नंतर?"

नानांनी कोश काढला. त्या दोन वर्षांत त्यांनी सुपडूला दिलेलं प्रत्येक पुस्तक गजांखालच्या फटीतून गेलं होतं. आता मध्ये काही नव्हतं. त्यांनी तो सुपडूच्या दोन्ही हातांवर ठेवला. सुपडूला वाचता येत नव्हतं. त्यानं वजन अजमावलं, हमालाच्या हातानं, जरा वरखाली करून. पहिलं पान उघडून जांभळ्या शिक्क्यावरून कौतुकानं बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा खुलला, काहीतरी जुनं कोडं सुटावं तसा.

"अरे बाप रे, इतलं जाड शे!" तो म्हणाला. "मंग बरोबर शे नाना. वाचनाराले दोन वरीस लागतीनच."